पोहोचतं, पण लागत नाही

घणसोलीलगतच्या तळवलीपासून ऐरोलीपर्यंत काम करणाऱ्या कुठल्याही सॉफ्टवेअर टीमला हे दुखणं ओळखीचं आहे. जावा ॲप्लिकेशन सकाळी सुरळीत पळतं, संध्याकाळी धापा टाकू लागतं आणि शेवटी लॉगमध्ये 'आउट ऑफ मेमरी एरर' उमटते. सर्व्हर रीस्टार्ट केला की तात्पुरतं भागतं. पण नको असलेली मेमरी मोकळी करायला गार्बेज कलेक्टर असताना ती तुंबते कशी?

या प्रश्नाचं एक उत्तर खाडीपल्याड, पवईच्या आयआयटी मुंबईत शोधलं गेलं. उदय खेडकर, अमिताभ सन्याल आणि अमेय करकरे यांनी कलेक्टरच्या निकषावरच बोट ठेवलं. जॉन मॅकार्थी यांनी 1960 मध्ये लिस्प भाषेसाठी गार्बेज कलेक्शनची पद्धत मांडली, तेव्हापासून निकष हाच: व्हेरिएबलपासून जिथवर पोहोचता येतं, ते सगळं राखायचं. पण पोहोचता येणारी वस्तू पुढे लागेलच असं कुठे आहे?

मग कोड चालवण्याआधी, नुसता वाचून, निरुपयोगी वस्तू हेरता येतील का? इथे घोडं अडलं. लिंक्ड लिस्टच्या लूपमध्ये ओळ एकच असते: 'एक्स = एक्स.नेक्स्ट'. लूप किती वेळा फिरेल ते आधी कळत नाही, त्यामुळे नेक्स्टच्या नेक्स्टच्या नेक्स्टपर्यंतच्या वाटा संपतच नाहीत.

तोड त्या ओळीतच सापडली. वाटा अनंत असल्या तरी त्या निर्माण करणारी ओळ एकच आहे. म्हणून तिच्यातल्या 'नेक्स्ट'साठी एकच बिंदू काढायचा आणि त्याचा बाण त्याच्याकडेच वळवायचा. अनंत वाटा एका छोट्या आकृतीत मावल्या. हाच 'ॲक्सेस ग्राफ'.

आता जो दुवा पुढे लागणार नाही तिथे कोडमध्येच 'नल' भरायचा, म्हणजे पुढचं काम कलेक्टर करतो. पण हा उपायही जिवावर बेतू शकत होता. त्याच वस्तूकडे दुसऱ्या नावाने कुणी येणार असेल तर वापरातलीच वस्तू तुटेल. वाटेतला एखादा दुवा आधीच नल असेल तर प्रोग्राम जागीच कोसळेल. म्हणून त्यांनी आणखी विश्लेषणं रचली. दुसऱ्या नावानेही तो दुवा पुढे लागणार नाही, आणि त्या दुव्यापर्यंतची वाट आधी वापरली गेली आहे किंवा पुढे नक्की वापरली जाणार आहे, अशी खात्री पटली तरच नल भरायचा.

2007 मध्ये एसीएमच्या 'टोप्लास' या नियतकालिकात या कामावरचा त्यांचा निबंध आला. असं आरंभापासून शेवटापर्यंतचं विश्लेषण पहिल्यांदाच होत असल्याचं लेखकांनी त्यात नोंदवलं.

म्हणून जेव्हा मेमरीचा हीप डंप उघडाल, तेव्हा वस्तू कुणी धरून ठेवली आहे एवढंच पाहून थांबू नका. ती पुढे कुणाला लागणार आहे, हेही विचारा. गळती बहुधा तिथेच सापडते.