घेर, रोपं आणि वहाळ

खोडाचा घेर जमिनीपासून 1.3 मीटरवर मोजायचा, असा नियम आहे. दोडामार्ग तालुक्यातल्या हेवाळे-बांबर्डेच्या रानजायफळांपाशी मात्र जमीन कुठून धरायची, इथूनच सुरुवात. पायाखाली काळा चिखल, त्यात बारमाही झिरपणारं पाणी. चिखलात हवा नाही, म्हणून मुळं गुडघा दुमडल्यासारखी वर आलेली. काही खोडांना तर बुंध्यापासूनच आधारमुळं फुटलेली. मोजणारे मग मुळांच्या वर, खोड सरळ होतं तिथे टेप लावतात आणि पुढच्या खेपेसाठी रंगाचा पट्टा ओढून ठेवतात. एक जण आकडा ओरडतो, वहीवाला तो पुन्हा म्हणून मगच लिहितो. सदुसष्टच्या जागी अडुसष्ट ऐकलं, तर झाडाची काही वर्षांची वाढ फुकटात पदरात पडते! जळवा झटकायला कुणाचाच हात मोकळा नसतो.

मला स्वतःला घेरापेक्षा रोपांची मोजणी बोलकी वाटते. ती वाकून, पाचोळा बोटांनी सारत करावी लागते. रानजायफळाचं बी सुकलं की मेलं. पुढच्या पावसाची वाट पाहत पडून राहणं त्याला जमत नाही. धनेशाने ते वर उतारावर नेऊन टाकलं, तरी तिथे सावली आणि ओल हवी.

उतारावर काजू आहे, रबर आहे, अननस आहे. लावणाऱ्याला दोष कसा द्यायचा? जमीन खाजगी, काजूला भाव. पण दाट रान गेलं की पाऊस मुरण्याऐवजी वाहून जातो. रानजायफळांची अशी दलदलीतली रानं दक्षिण केरळातही आहेत, पण तिथे कोरडे महिने थोडेच. इथे जवळपास अर्धं वर्ष कोरडं, म्हणून या झाडांची सगळी भिस्त वहाळावर. त्यात पाऊसही बदलतोय. 1950 ते 2015 या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचं पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या संशोधकांनी 2017 मध्ये दाखवलं. दोन दिवसांत कोसळून गेलेला पाऊस एप्रिलमधल्या वहाळाच्या कामाचा नाही.

जैवविविधता वारसा स्थळ म्हणून इथलं 2.59 हेक्टर क्षेत्र जाहीर झालं, हे चांगलंच झालं. पाणी मात्र त्या हद्दीबाहेरून येतं. माझ्या मते मोजणीच्या वहीत आणखी एक रकाना हवा: एप्रिल-मेमध्ये वहाळात किती बोटं पाणी होतं, आणि वरच्या कुठल्या उतारावर त्या वर्षी कुऱ्हाड चालली.