अध्यायांच्या आकड्यांमागचा बिशप

मराठी बायबलमध्ये ‘योहान ३:१६’ काढायला सांगितले, तर सराव असलेल्या वाचकाला क्षणात पान सापडते. हा पत्ता मूळ लेखकांनी दिलेला नाही. नव्या करारातली वचने आजच्या पद्धतीने मोजली ती रोबेर एतियेन या मुद्रकाने, १५५१ साली. अध्यायांचे आकडे त्याहून सुमारे साडेतीनशे वर्षे जुने असून परंपरेने ते स्टीफन लँग्टन (सुमारे ११५०–१२२८) यांच्या नावावर आहेत. इतिहासाला लँग्टन ठाऊक आहेत ते कँटरबरीचे आर्चबिशप म्हणून. पोप तिसऱ्या इनोसंट यांनी १२०७ मध्ये त्यांना दीक्षा दिली, राजा जॉनने १२१३ पर्यंत त्यांना देशात येऊ दिले नाही, आणि १२१५ च्या मॅग्ना कार्टात राजाच्या सल्लागारांमध्ये पहिले नाव त्यांचेच आहे. या धामधुमीत त्यांच्यातला भाष्यकार झाकोळला. एरवी तांत्रिक सोय म्हणून सोडून दिली जाणारी ही विभागणी खरे तर त्यांचे सर्वांत जास्त हाताळले गेलेले भाष्यच आहे, असे मला वाटते.

त्यासाठी पॅरिसच्या वर्गात डोकवावे लागते. बिशप होण्याआधी दोन दशकांहून अधिक काळ लँग्टन तिथे शिकवत होते. समोरच्या पोथीत मधोमध मोठ्या अक्षरांत मूळ लॅटिन पाठ असे. समासात आणि ओळींच्या मधल्या जागेत बारीक अक्षरांत जुन्या धर्माचार्यांच्या टिपा. शिक्षक पाठ वाचत, आधी शब्दशः अर्थ लावत, मग प्रवचनात उपयोगी पडेल असा नीतिबोध सांगत. बायबलच्या जवळजवळ सर्व पुस्तकांवर लँग्टन यांनी असे विवेचन केले. त्यातले बरेचसे विद्यार्थ्यांनी उतरवून घेतलेल्या टिपणांमुळे टिकले. पण एका ठिकाणच्या शब्दाचा उलगडा दुसऱ्या पुस्तकातल्या वाक्याने करायचा, तर सगळ्यांच्या हातातल्या पोथ्या जुळायला हव्यात. त्या काळी प्रत्येक प्रतीत भाग वेगळे पाडलेले असत. सामायिक पत्त्याची गरज या अध्यापनातूनच निर्माण झाली. पुढे पॅरिसच्या डॉमिनिकन साधूंनी बायबलची शब्दसूची रचली, तीही याच अध्यायांवर; प्रत्येक अध्यायाचे सात भाग कल्पून त्यांना अक्षरे दिली, म्हणजे शब्द नेमका कुठे आहे ते कळे.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा, की अशा विभागणीच्या खुणा काही अभ्यासक आधीच्या इंग्रजी हस्तलिखितांत दाखवतात, मग श्रेय एकट्या लँग्टन यांना का? शोधाचे श्रेय वाटून घेता येईल. पण ही पद्धत युरोपभर पोहोचली ती ते जिथे शिकवत त्या पॅरिसमधून. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: या आकड्यांनी अर्थ तोडला. उत्पत्तीचा पहिला अध्याय सहाव्या दिवशी, माणसाच्या निर्मितीनंतर संपतो. विसाव्याचा सातवा दिवस दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या तीन वचनांत जाऊन पडतो. यशयातील दुःखी सेवकाचे काव्य ५२ व्या अध्यायाच्या शेवटी सुरू होते आणि ५३ व्यात चालू राहते. आक्षेप रास्तच आहे, पण तो माझ्या म्हणण्याला बळ देतो. सृष्टीची कथा माणसापाशी थांबते की देवाच्या विसाव्यापाशी, हा प्रश्न अर्थाचा आहे. अध्याय कुठे संपवायचा हे ठरवणाऱ्याने त्याला उत्तर दिलेलेच असते, मग ते जाणूनबुजून असो वा नकळत.

पुढे ज्यू पंडितांनीही संदर्भ देण्याच्या सोयीसाठी हे आकडे हिब्रू ग्रंथाला लावले, आणि मराठी बायबलही मुख्यतः तीच चौकट पाळते. समासातले भाष्य भाष्य म्हणून ओळखू येते. आकडा मात्र मूळ ग्रंथाचाच भाग वाटतो. म्हणून उत्पत्तीचा पहिला अध्याय वाचताना आकड्यापाशी थांबू नका. पुढची तीन वचने वाचा आणि मगच पुस्तक मिटा.