उखळ पांढरे झाले, पण कोणाचे?

बाजारात एखाद्याला बरा पैसा सुटला की लोक लगेच म्हणतात, "त्याचे उखळ पांढरे झाले." आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले. मराठी आम्ही शिकलो ती सोलापूरच्या सूतबाजारात, गिऱ्हाइकांच्या तोंडून. हे वाक्य पहिल्यांदा ऐकले तेव्हा आम्हाला वाटले, कोणी उखळाला चुना फासला असेल!

खरा अर्थ मागाहून कळला. भात पिकणाऱ्या भागात पूर्वी घरोघरी उखळात भात घालून मुसळाने कांडीत. कांडता कांडता तांदळाची पांढरी भुकटी उखळाला बसे. ज्या घरी धान्य भरपूर, त्या घरचे उखळ सदा पांढरे. म्हणून उखळ पांढरे होणे म्हणजे भरपूर पैसा हाती येणे. उर्दूत आपण "चांदी होना" किंवा "पाँचों उँगलियाँ घी में" म्हणतो, तसेच हे.

मात्र हा वाक्प्रचार जपून वापरावा. ज्याने रात्रंदिवस माग चालवून घर बांधले, त्याला हे शब्द शोभत नाहीत. ऐकून त्याला वाईट वाटेल. "टंचाईत साठेबाजांचे उखळ पांढरे झाले," येथे ते बरोबर बसतात. दुसऱ्याच्या अडचणीतून आयता पैसा मिळाला, अशी टोचणी त्यात बहुधा असते.

ही टोचणी आम्ही स्वतः सोसली आहे. २०१०-११ साली कापसाचे व सुताचे भाव भडकले. आमच्या गोदामात जुन्या भावाचा माल होता. तो आम्ही दाबून ठेवला आणि चढ्या भावाने थोडा थोडा सोडला. चादरीचे माग चालवणारे एक जुने गिऱ्हाईक नेहमीप्रमाणे उधारीवर सूत मागायला आले. आम्ही रोखीचा हट्ट धरला. उठताना ते एवढेच म्हणाले, "शेठ, तुमचं उखळ पांढरं झालं. आमचे माग मात्र थांबले."

आम्ही हसून सोडून दिले. मिळालेल्या नफ्यात आणखी महाग सूत भरले. २०११ मध्येच भाव कोसळले आणि नफा आला तसा गेला. ते गिऱ्हाईकही परत आले नाही. त्यांच्याशी असलेला वर्षानुवर्षांचा व्यवहार आम्ही चार महिन्यांच्या तेजीपायी घालवला.

व्यापारी बंधूंनी नफा जरूर घ्यावा, धंदा त्यासाठीच आहे. पण समोरच्याचा माग चालू राहील, एवढे पाहावे. उखळ पांढरे राहायला रोज कांडण लागते, आणि मागच बंद पडले तर आपल्याकडे सूत न्यायला येणार कोण?