घरातला आवाज, लेखांक ६ : घूं येते कुठून?

गाणं बंद असतानाही स्पीकरमधून एकसारखी घूं येत असेल, तर जळगाव-धुळ्याकडे पहिला ठपका लाइटीवर बसतो. व्होल्टेज वरखाली होतं, तेव्हा स्टॅबिलायझर घ्या, हा सल्लाही लगेच मिळतो. पण स्टॅबिलायझर व्होल्टेज सांभाळतो आणि ही घूं बहुतेक घरांत व्होल्टेजमुळे येतच नाही. जोडलेली दोन उपकरणं दोन निराळ्या ठिकाणी अर्थ झालेली असतात, तिथे ती जन्मते. अँप्लिफायर भिंतीतल्या तीन पिनांच्या सॉकेटवर असतो. सेट टॉप बॉक्समध्ये केबलवाल्याची तार येते आणि तिचं बाहेरचं जाळीदार वेष्टण गल्लीत दुसरीकडेच अर्थ झालेलं असतं. या दोन जागांमध्ये विजेच्या दाबाचा थोडा फरक असतोच. मग ५० हर्ट्झचा प्रवाह आपल्या ऑडिओ केबलच्या वेष्टणातून वाट काढतो. घरगुती उपकरणांतला सिग्नल साधारण ०.३ व्होल्टचा, त्यात एक मिलिव्होल्ट मिसळला तरी रात्री शांत खोलीत ऐकू येतो. पडताळा सोपा आहे. आवाज पूर्ण कमी करून केबलवाल्याची तार बॉक्समधून काढा, मग आवाज पूर्वीइतका वाढवा. घूं गेली, तर चोर सापडला.

कुणी म्हणेल, कूलर लावला की घूं वाढते, म्हणजे दोष कूलरचाच. पारा पंचेचाळिशी गाठतो त्या दिवसांत कूलर बंद ठेवा म्हणणं निरर्थक आहे, आणि त्याची गरजही नाही. कूलरच्या मोटारीतून, पंपातून थोडा प्रवाह अर्थच्या तारेत झिरपतो, त्यामुळे एका सॉकेटचा अर्थ आणि दुसऱ्याचा अर्थ यांत फरक पडतो. अँप्लिफायर, बॉक्स, प्लेअर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घेतले तर हा फरक त्यांच्यामध्ये येत नाही. उन्हाळ्यात काळी जमीन सुकून भेगाळते, अर्थिंगचा रोध वाढतो, म्हणून खड्ड्यात पाणी ओततात. ते जरूर करावं, कारण शॉकपासून बचाव त्यावर आहे. मात्र तेवढ्याने घूं जाईलच असं नाही.

सर्वांत अवघड आक्षेप अनुभवातून येतो : अर्थची पिन काढली आणि घूं थांबली! थांबते हे खरं आहे, कारण प्रवाहाचा रस्ता तुटतो. पण आपल्या प्लगची वरची पिन मुद्दाम लांब आणि जाड केलेली असते. प्लग खोचताना ती आधी जोडली जावी आणि काढताना शेवटी सुटावी म्हणून. ती नसताना आत फेजची तार पत्र्याला टेकली, तर तो पत्रा २३० व्होल्टवर जातो आणि बटणाला हात लावणाऱ्याच्या जिवावर बेततं. हा उपाय करू नका, कुणाला करूही देऊ नका. रस्ता सिग्नलच्या बाजूने तोडा : बॉक्स आणि अँप्लिफायर दोघांनाही ऑप्टिकल जोडणी असेल तर ती वापरा, तिच्यात तांबंच नसतं, नसेल तर ऑडिओ केबलमध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला.

सगळ्या केबली काढूनही घूं राहिली आणि व्हॉल्यूम फिरवून ती बदलली नाही, तर बिघाड बहुधा अँप्लिफायरच्या पॉवर सप्लायमध्ये असतो. तिथली घूं १०० हर्ट्झची, थोडी वरच्या पट्टीतली. फिल्टरचे कपॅसिटर उष्णतेने लवकर सुकतात, म्हणून पत्र्याच्या छताखाली बंद कपाटात कोंडलेल्या अँप्लिफायरवर आधी संशय घ्यावा. झाकण मात्र मेकॅनिकलाच उघडू द्या. प्लग काढल्यावरही त्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते.