हॉट डॉग, सॉसेज आणि आगोटीची बेगमी: काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

मे महिना उतरणीला लागला की अंबरनाथ-बदलापूरच्या बाजारात सुकट, जवळा, सुके बोंबील यांचे ढीग लागतात. आगरी-कोळी घरांत आगोटीची खरेदी सुरू होते, पावसाचे महिने निघतील इतकी. त्याच बाजारात चार पावलांवर एखाद्या दुकानात डीप फ्रीजर गुरगुरत असतो आणि त्यात चिकन सॉसेजची पाकिटं रचलेली असतात. संध्याकाळी उल्हासनगर स्टेशनबाहेरच्या गाडीवर तेच सॉसेज तिरके काप देऊन तव्यावर परततात आणि पावात घालून देतात.

सुका बोंबील आणि सॉसेज नात्यातले आहेत. जनावर कापलं की मांस एका दिवसात संपत नाही. उरलेलं टिकवायचं कसं, या प्रश्नाला मीठ, ऊन, धूर आणि आंबट हीच जगभरची उत्तरं. सॉसेज या शब्दाच्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थच ‘खारवलेलं’. म्हणजे सॉसेज ही मुळात बेगमी आहे. हे एकदा लक्षात आलं की त्याच्याभोवतीचे बरेच गैरसमज सुटतात.

गैरसमज १: हॉट डॉगमध्ये कुत्र्याचं मांस असतं.

वस्तुस्थिती: नसतं. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतून अमेरिकेला गेलेल्या लोकांनी आपले लांबट सॉसेज सोबत नेले. लांब अंगाच्या, आखूड पायांच्या डाक्सहुंड कुत्र्याशी त्यांची तुलना होऊ लागली. स्वस्त सॉसेजमध्ये नेमकं कोणाचं मांस, यावरही लोक थट्टा करत. १८९५ मध्ये येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या नियतकालिकात ‘हॉट डॉग’ हे शब्द या अर्थाने छापलेले सापडतात. एका व्यंगचित्रकाराने पुढे विसाव्या शतकात हे नाव पाडलं, ही गोष्ट त्यामुळे टिकत नाही.

न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर चार्ल्स फेल्टमन या जर्मन माणसाने लांब पावात सॉसेज घालून विकण्याचा धंदा वाढवला. १९१६ मध्ये नेथन हँडवर्कर याने तिथेच निम्म्या भावात, पाच सेंटला हॉट डॉग विकायला सुरुवात केली आणि ते कामगारांचं खाणं झालं. जून १९३९ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी ब्रिटनचे राजे सहावे जॉर्ज यांना आपल्या घरच्या सहलीत तेच वाढलं. नावामुळे गोंधळ मात्र आजही होतो. मलेशियात २०१६ मध्ये हलाल प्रमाणपत्र देणाऱ्या सरकारी खात्याने पदार्थाच्या नावातला ‘डॉग’ शब्द बदलायला सांगितला होता. भारतात अन्न म्हणून मान्य असलेल्या प्राण्यांच्या यादीत कुत्रा नाहीच.

गैरसमज २: सॉसेज म्हणजे डुकराचंच. आणि चिकन लिहिलं असेल तर आत फक्त चिकन.

वस्तुस्थिती: दोन्ही चूक. उत्तर आफ्रिकेतलं मर्गेझ मेंढीच्या मांसाचं किंवा गोमांसाचं असतं. आइसलँडच्या हॉट डॉगमध्ये मुख्यत्वे मेंढीचं मांस असतं. दक्षिण आफ्रिकेचं बूरेवोर्स प्रामुख्याने गोमांसाचं, आणि त्याची चव ठरते ती भाजून भरडलेल्या धण्यांवर. आपल्याकडे दुकानात मिळणारं बहुतेक सॉसेज कोंबडीचं.

पण सॉसेजमध्ये मांसाशिवाय स्टार्च, सोया प्रथिनं, मसाले, पाणी हेही असतं. शिवाय वेष्टन असतं. पूर्वी ते आतड्याचंच असे. आता कोलॅजेनचंही असतं आणि ते बहुधा गोवंशाच्या कातड्यापासून काढतात. सेल्युलोजच्या नळीत शिजवून नंतर ती सोलून टाकतात, तेच ‘स्किनलेस’. समुद्री शेवाळापासून केलेलं शाकाहारी वेष्टनही असतं. धर्मामुळे किंवा ॲलर्जीमुळे ज्यांना जपावं लागतं, त्यांनी पाकिटाची मागची बाजू वाचावी. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिण्याचा नियम आहे, त्यामुळे पहिले तीन शब्द वाचले तरी बरंच कळतं. मांसाहाराची खूण आता चौकटीतला तपकिरी त्रिकोण आहे, आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा परवाना क्रमांक १४ आकडी असतो.

गैरसमज ३: हा प्रकार इंग्रजांनी आणला, आपल्याकडे असलं काही नव्हतं.

वस्तुस्थिती: अंबरनाथचं शिवमंदिर शके ९८२ चं, म्हणजे इ. स. १०६० चं, शिलाहारांच्या काळातलं. त्यानंतर साधारण सत्तर वर्षांनी कल्याणीच्या चालुक्य घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वराने ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. हे कल्याण आपल्या शेजारचं नव्हे, कर्नाटकातलं आजचं बसवकल्याण. या ग्रंथात राजाच्या जेवणाचं तपशीलवार वर्णन आहे, आणि मांसाच्या प्रकारांत आतड्यात मसालेदार सारण भरून निखाऱ्यावर भाजण्याचा प्रकारही आहे.

आजही मेघालयातले खासी लोक ‘दोह स्नाम’ करतात, सिक्कीममध्ये ‘कारग्योंग’ नावाचं सुकवलेलं सॉसेज करतात. महाराष्ट्रात आतड्यात भरण्याची रीत फारशी रुळली नाही, पण मांस खारवून, पट्ट्या कापून उन्हात वाळवण्याची होती. दलित घरांतल्या या चान्यांबद्दल शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात लिहिलं आहे. एका जनावरातला एकही घास वाया न घालवण्याचं हे शहाणपण आहे. त्याकडे नाक मुरडून पाहण्याचं कारण नाही.

गैरसमज ४: गोव्याचं चोरीस म्हणजे पोर्तुगीज सॉसेज, आणि त्याचा लाल रंग रंगाच्या पुडीचा.

वस्तुस्थिती: नाव आणि कल्पना पोर्तुगालची. पण तिकडच्या शोरिसूत वाइन आणि गोडसर लाल मिरचीची पूड, तर गोव्यात माडाच्या ताडीचं व्हिनेगर आणि काश्मिरी किंवा स्थानिक लाल मिरच्या. त्यात लसूण, आलं, हळद, जिरं, मिरी, लवंग, दालचिनी. मिरचीही मूळची अमेरिकेची, पोर्तुगीजांच्याच जहाजांतून आलेली. पण वाटण गोव्याच्या पाट्यावरचं आहे.

डुकराच्या मांसाचा खिमा करत नाहीत, बारीक तुकडे करतात. ते मिठात मुरवतात, व्हिनेगरमध्ये वाटलेल्या मसाल्यात काही दिवस ठेवतात, आतड्यात भरतात आणि दोऱ्याने बांधत जातात. माळ तयार होते, जपमाळेच्या मण्यांसारखी. मग ऊन आणि चुलीचा धूर. हे सगळं पावसाआधी, कारण पावसाळ्यात मासेमारी थांबते. गोव्यात या साठवणीला ‘पुरुमेंत’ म्हणतात, मडगावात त्याचं फेस्तच भरतं. आपल्याकडे तीच आगोट. लाली मिरचीची असते आणि टिकण्याचं गुपित मीठ, आंबट आणि सुकवण यांत असतं.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवायला हवी. चोरीस टिकाऊ असलं तरी कच्चं असतं. वरचं आवरण काढून, थोड्या पाण्यात मंद आचेवर शिजत ठेवायचं. पाणी आटत आलं की त्याचीच लाल चरबी सुटते, वेगळं तेल लागत नाही. मग भरपूर कांदा, हवा तर बटाटा, आणि मीठ चव बघूनच. सगळं एकजीव झालं की पावात भरायचं, पाव ती चरबी शोषून घेतो.

गैरसमज ५: शिजूनही सॉसेज गुलाबी दिसतं, म्हणजे ते कच्चं आहे किंवा त्यात भेसळ आहे.

वस्तुस्थिती: फ्रँकफर्टरसारख्या सॉसेजमध्ये सोडियम नायट्राइट अगदी थोड्या प्रमाणात घालतात. ते मांसातल्या रंगद्रव्याशी जोडलं जातं आणि शिजवल्यावरही गुलाबी रंग टिकतो. रंग हा जोडीने मिळणारा फायदा, खरं काम वेगळं. १८२० च्या सुमारास जर्मनीतल्या व्युर्टेंबर्गमध्ये युस्टिनुस केर्नर या डॉक्टरने, जो कवीही होता, बिघडलेल्या सॉसेजमुळे होणाऱ्या जीवघेण्या विषबाधेची तपशीलवार नोंद केली. लॅटिनमध्ये सॉसेजला ‘बोटुलस’ म्हणतात, त्यावरून या विषबाधेला बोटुलिझम नाव मिळालं. हवाबंद जागेत वाढणाऱ्या त्या जिवाणूला नायट्राइट रोखतं. प्रमाण कायद्याने बांधलेलं आहे.

गैरसमज ६: सॉसेज टिकाऊच असतं, फ्रीजमध्ये टाकलं की काळजी नाही.

वस्तुस्थिती: इथे सगळ्यांत जास्त चूक होते. चोरीस मिठाने आणि व्हिनेगरने स्वतःला टिकवतं. दुकानातलं मऊ चिकन सॉसेज फ्रीजरच्या जिवावर टिकतं. त्यात पाणी भरपूर असतं, ते सुकवलेलं नसतं. उणे १८ अंशांची थंडी सुटली की त्याचं टिकाऊपण संपलं.

आपल्या भागात पावसाळ्यात तासन्‌तास वीज जाते, आणि उल्हास नदी फुगली की बदलापूरची अवस्था आपण पाहिलेली आहे. म्हणून पाकीट घेताना हाताने चाचपा. सॉसेज सुटे, दगडासारखे लागले तर ठीक. एकमेकांना चिकटून बर्फाचा गोळा झाला असेल, आत बर्फाचे मोठे खडे दिसत असतील, तर माल एकदा वितळून परत गोठला असण्याची शक्यता आहे. तो परत ठेवा. घरी वितळवायचं ते फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, ओट्यावर नाही, आणि वितळलेलं पुन्हा गोठवायचं नाही. ‘शिजवलेलं’ असं पाकिटावर लिहिलं असलं तरी आतपर्यंत वाफाळेल इतकं गरम करूनच खावं. गरोदर बायका आणि म्हातारी माणसं यांनी तर नक्कीच, कारण लिस्टेरिया हा जिवाणू फ्रीजच्या थंडीतही वाढतो.

गैरसमज ७: जागतिक आरोग्य संघटनेने सॉसेजला सिगारेटइतकं घातक ठरवलं आहे.

वस्तुस्थिती: ऑक्टोबर २०१५ मध्ये संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने प्रक्रिया केलेलं मांस पहिल्या गटात टाकलं, ज्यात तंबाखूही आहे. पण हे गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतात, धोका किती मोठा आहे ते सांगत नाहीत. रोज ५० ग्रॅम असं मांस खाणाऱ्यांत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असा त्यांचा अंदाज आहे. ही वाढ मूळ धोक्यावरची आहे. समजा १०० माणसांत ५ जणांना हा आजार होणार असेल, तर तो आकडा ६ च्या आसपास जाईल.

म्हणून घाबरण्याचं कारण नाही, पण रोज डब्यात देण्याचंही नाही. ‘चिकनचं आहे, चालतं’ हा युक्तिवादही टिकत नाही, खारवून किंवा नायट्राइट घालून टिकवलेली कोंबडीही याच व्याख्येत बसते. मिठाकडेही बघा. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं असा सल्ला आहे, आणि दोन-तीन सॉसेजमध्येच त्याचा मोठा वाटा संपतो. महिन्यातून एखाद वेळचा बेत आणि लहान मुलाचा रोजचा नाश्ता, यांत फार अंतर आहे.

गैरसमज ८: सॉसेज खाण्याची खरी रीत एकच, आणि शाकाहारी सॉसेज हे आजचं खूळ.

वस्तुस्थिती: जितकी गावं तितक्या रीती. न्यूरेंबर्गचे सॉसेज बोटाएवढे, मर्जोरम या पानांच्या वासाचे, तीन-तीन एका पावात. थायलंडच्या इसान भागात मांसात शिजलेला भात आणि लसूण घालून ते आंबवतात. चीनचं लाप चोंग गोडसर आणि सुकं, भाताबरोबर वाफवायचं. चिलीत हॉट डॉगवर अव्होकाडोचा थर, अर्जेंटिनात हिरव्या पाल्याची चटणी, आणि शिकागोत केचप घालणं अजिबात मान्य नाही.

मला जवळची वाटते ती बर्लिनची रीत. ८ ऑगस्ट १९४९ रोजी कल्याणजवळच्या लष्करी छावणीचं उल्हासनगर असं नामकरण झालं. सिंधमधून उखडलेली सुमारे एक लाख माणसं सैन्याच्या बराकींत संसार मांडत होती. त्यानंतर महिन्याभरात, ४ सप्टेंबर १९४९ ला, युद्धात उद्ध्वस्त झालेल्या बर्लिनमध्ये हेर्टा हॉयवर या बाईने सॉसेजवर टोमॅटो आणि करी पावडरचा सॉस घातला. ती पावडर ब्रिटिश सैनिकांकडून मिळाली असं सांगतात. तो ‘करीवुर्स्ट’ आज जर्मनीभर खातात. उल्हासनगरात पावाला ‘डबल’ म्हणणाऱ्या सिंधी घरांनीही शिळ्या पावाचा मसालेदार सेयल डबल करून नवं गाव उभं केलं. तुटलेल्या संसारात हाताशी असेल त्यातून चव उभी करणाऱ्या या सगळ्या बायका मला एकाच गोतातल्या वाटतात.

शाकाहारी सॉसेजही जुनंच. वेल्समध्ये चीज, कांद्याच्या जातीची लीक ही भाजी आणि पावाचा चुरा यांचं ग्लॅमॉर्गन सॉसेज एकोणिसाव्या शतकापासून माहीत आहे. पहिल्या महायुद्धाच्या उपासमारीत कोलोनचे महापौर कोनराड आडेनाउअर यांनी सोयाचं सॉसेज तयार केलं आणि जून १९१८ मध्ये त्याला ब्रिटनचं पेटंट मिळालं. हेच पुढे पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर झाले.

घरी करून बघा

वेष्टन नको, यंत्र नको. अळुवडीचे उंडे वळता येत असतील तर हेही जमेल. अर्धा किलो चिकन खिमा फ्रीजमध्ये चांगला गार करा. त्यात सव्वा छोटा चमचा मीठ, ठेचलेली लसूण, मिरी, भरडलेले धणे, लाल तिखट आणि दोन-तीन मोठे चमचे बर्फाचं पाणी घाला. खिमा बोटांना चिकटेपर्यंत मळा. मिठामुळे मांसातली प्रथिनं सुटतात आणि तीच सगळं धरून ठेवतात. खिमा गरम झाला तर चरबी वेगळी होते, म्हणून गारवा हवा. केळीच्या पानाच्या तुकड्यात लांबट उंडे वळा, दोऱ्याने बांधा आणि वीस मिनिटं वाफवा. मधोमध कापून पाहा, रस स्वच्छ हवा. मग तव्यावर परता आणि पावात घाला.

रंग पांढुरका येईल, कारण त्यात नायट्राइट नाही. त्याच कारणाने ते टिकणारही नाही. ही बेगमी नव्हे, त्या दिवशीचं ताजं खाणं आहे. घरात चार माणसं बोलवा आणि संपवून टाका.