निकाल अपेक्षेपेक्षा चांगला लागला, तर ठरलेलं बदलायचं का?

जून २०२४ मध्ये सीईटीचा निकाल लागला, त्याच रात्री इशाच्या नमाजनंतर एक कुटुंब आमच्या घरी आलं. वडील बागवान, बसस्टँडजवळ फळांची गाडी लावतात. मुलगी दहावीपर्यंत आमच्या उर्दू शाळेत, माझ्याकडे मराठी शिकलेली. हातात पेढ्यांचा पुडा होता, पण बसल्यावर अब्बा बराच वेळ काही बोलेनात.

"बाजी, ९६ आलेत," ते शेवटी म्हणाले. "आम्ही ८० धरून चाललो होतो. आता काय करायचं?"

आनंदाच्या बातमीवर कुणी असा प्रश्न विचारेल का, असं वाटेल. पण एप्रिलमध्येच त्यांनी जवळच्या एका खासगी विद्यापीठात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगसाठी पन्नास हजार भरले होते. मुलीच्या मामूंनी तिथल्या ओळखीच्या माणसाकडे शब्द टाकला होता. बस घरापासून सुटत होती, मुलगी संध्याकाळी घरी येणार होती. सगळं ठरलेलं. आणि आता ९६ पर्सेंटाइलने पुण्या-मुंबईच्या कॉलेजांची दारं किलकिली केली होती.

हा प्रश्न माझ्यासाठी नवा नव्हता. २०१८ साली दुसऱ्या एका मुलीला नीटमध्ये कुणालाच अपेक्षित नव्हते इतके मार्क पडले होते. तिची बीएस्सीची फी गावातच भरून झाली होती. औरंगाबादच्या सरकारी डेंटल कॉलेजात नंबर लागेल अशी चिन्हं होती. तिच्या अम्मींनी मला विचारलं, आणि मी म्हणाले, "फी भरली आहे, घराजवळ आहे, कशाला लांब पाठवता?" तेव्हा ते शहाणपणाचं वाटलं. आज ती एका शाळेत विज्ञान शिकवते, उत्तम शिकवते. एका लग्नात भेटली तेव्हा हसत हसत म्हणाली, "टीचर, त्या वेळी तुम्ही फक्त अंतर का मोजलंत?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणून या वेळी मी आधी कागद काढायला सांगितले.

खासगी विद्यापीठाची चार वर्षांची फी त्यांनी कागदावर मांडलीच नव्हती. पहिला हप्ता जमला यातच समाधान होतं. दुसरीकडे, २०२४-२५ पासून राज्य सरकारने ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ केली आहे. अट अशी की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश सरकारी केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून झालेला हवा. खासगी आणि अभिमत विद्यापीठं या सवलतीबाहेर आहेत. म्हणजे घराजवळचं ते 'स्वस्त' कॉलेज चार वर्षांत लाखोंचं पडणार होतं आणि पुण्याच्या सरकारी कॉलेजात खर्च होता तो फक्त हॉस्टेल आणि जेवणाचा. अब्बांनी तो हिशोब दोनदा वाचला.

पण ओबीसीची सवलत नुसत्या दाखल्यावर मिळत नाही. नॉन-क्रीमीलेयर लागतं आणि जात वैधता प्रमाणपत्र, ज्याला सगळे 'व्हॅलिडिटी' म्हणतात, तेही लागतं. आपली घरं नेमकी इथे अडकतात. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात, आणि आपल्या आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या जुन्या नोंदीत जातीच्या रकान्यात नुसतं 'मुसलमान' लिहिलेलं असतं. बागवान, तांबोळी, अत्तार, मुलाणी असं स्पष्ट लिहिलेलं क्वचितच सापडतं. या मुलीच्या बाबतीत एक गोष्ट चांगली झाली होती. अकरावीत असताना मी मागे लागले होते म्हणून अब्बांनी पणजोबांच्या गावच्या शाळेत चार फेऱ्या मारल्या होत्या आणि निर्गम उताऱ्यावर 'बागवान' हा शब्द शोधून काढला होता. व्हॅलिडिटी हातात होती. ती नसती तर ९६ चा आनंद अर्धाच राहिला असता. (ज्यांची जात ओबीसीत नाही त्यांनी ईडब्ल्यूएसचं प्रमाणपत्र विसरू नये. ते मुसलमानांना मिळत नाही, असा एक गैरसमज आपल्याकडे उगाच पसरला आहे.)

मग कॉलेजचा प्रश्न. पहिल्या फेरीत पुण्याच्याच एका कॉलेजात इलेक्ट्रिकल मिळालं. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं असतं तर जागा आपोआप पक्की झाली असती. तिची पसंती खालची होती, म्हणून तिने जागा स्वीकारून 'बेटरमेंट' निवडलं. यात एक मेख आहे. पुढच्या फेरीत यादीतली वरची जागा मिळाली की आधीची जाते, मग मागे फिरता येत नाही. म्हणून पसंतीक्रमात वर तेच लिहावं, जे मिळाल्यावर रडू येणार नाही.

दुसऱ्या फेरीत सीओईपी लागलं. १८५४ चं कॉलेज, आता स्वतःच विद्यापीठ झालेलं. शाखा मात्र मेटलर्जी. घरात कुणाला शब्दही नीट उच्चारता येईना. चुलतभाऊ म्हणाला, "कॉम्प्युटर सोडून लोखंड वितळवणार का?" माझंही मन थोडं डळमळलं, खोटं कशाला सांगू. नुसत्या नावासाठी नको असलेली शाखा घेणारी आणि दुसऱ्या वर्षी कोमेजलेली मुलं मी पाहिली आहेत. मी तिलाच विचारलं. ती म्हणाली, "टीचर, कॉम्प्युटर मी निवडलं नव्हतं. तिथे तेवढीच सीट शिल्लक होती. मला केमिस्ट्री आवडते, म्हणून मेटलर्जी मीच वर लिहिली." त्यानंतर मी गप्प बसले.

अब्बांनी इस्तिखारा केला आणि पुण्याला जाऊन मुलींचं हॉस्टेल डोळ्यांनी पाहून आले. अम्मींना भीती होती ती लोकांच्या बोलण्याची. दिलेल्या शब्दाचं काय, हा प्रश्न मात्र मामूंनीच सोडवला. ते म्हणाले, "शब्द मी दिला होता, मीच जाऊन सांगतो. लवकर सांगितलं तर ती जागा दुसऱ्या पोराला मिळेल." मला हे फार पटलं. आपल्याकडे लोक संकोचापोटी गप्प राहतात, जागा महिनाभर अडून राहते आणि रांगेतलं एखादं मूल घरी बसतं.

पैशांचं प्रकरण सोपं नव्हतं. काउंटरवरच्या माणसाने सांगितलं, भरलेली फी परत मिळत नाही. शाळा सोडल्याचा मूळ दाखलाही ठेवून घेतला होता. खरं तर मूळ कागदपत्रं अडवून ठेवता येत नाहीत, हे यूजीसीने २०१८ मध्येच स्पष्ट केलेलं आहे. आणि २०२४-२५ साठी नियम असा होता की ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत, ३१ ऑक्टोबरपर्यंत केला तर फार तर हजार रुपये कपात. आम्ही मराठीत साधा अर्ज लिहिला, नियमाची प्रत जोडली, पोच घेतली आणि तोच अर्ज ईमेलनेही पाठवला. भांडलो नाही. दाखला त्याच आठवड्यात मिळाला. पैशांना वेळ लागला, दोन वेळा आठवण करावी लागली, पण आले. त्यातूनच हॉस्टेलचा पहिला हप्ता भरला.

पहिलं सत्र तिला जड गेलं. दहावीपर्यंत उर्दू, नंतर एकदम सगळं इंग्रजी, आणि भोवती ९९ वाली मुलं. गणितात एकदा नापास झाली तेव्हा रात्री फोन करून खूप रडली. अम्मी म्हणाल्या, घरी ये. ती आली नाही. पुढच्या परीक्षेत विषय सुटला.

गेल्या महिन्यात तिचे अब्बा पुन्हा आले, या वेळी आंबे घेऊन. धाकटा मुलगा अकरावीत गेला आहे आणि त्यांना व्हॅलिडिटीचा अर्ज आत्ताच भरायचा होता. पिशवीतून त्यांनी बहिणीच्या प्रमाणपत्राची झेरॉक्स काढली आणि म्हणाले, "बाजी, या वेळी पणजोबांना शोधायला नको ना?"