शहामृगाच्या कवचाचा मणी



परवा गुरुजींनी वर्गात आफ्रिकेतल्या सान लोकांचे चित्र दाखवले. त्यांच्या कपाळावरच्या मण्यांच्या पट्ट्या पाहून काही जण हसले. मीही हसलो. गुरुजी रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "तुझ्या आजीच्या हातावरचे गोंदण पाहून कोणी हसले तर?" मी गप्पच झालो. मग या लोकांची माहिती मिळवली, ती खाली देत आहे.

आफ्रिकेच्या दक्षिणेत कलहारी नावाचा कोरडा मुलूख आहे. तेथे सान लोक राहतात. शिकार करणे आणि कंदमुळे, फळे गोळा करणे ही त्यांची जुनी रीत. शहामृगाचे एक अंडे कोंबडीच्या सुमारे २४ अंड्यांएवढे असते. आतले खायचे आणि अख्ख्या कवचात पाणी भरून ठेवायचे, जशी आपली सुरई. कवच फुटले तरी वाया जात नाही. बाया त्याचे बारीक तुकडे करतात, मधोमध भोक पाडतात, दोरीत ओवतात आणि दगडावर घासून सगळे मणी सारखे गोल करतात.

आता गंमत ऐका. आपल्या महाराष्ट्रात, जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे गाव आहे. तेथे १९७० नंतरच्या दशकात एस. ए. साळी यांनी उत्खनन केले. जमिनीतून शहामृगाच्या कवचाचेच मणी निघाले! एका तुकड्यावर रेघांची नक्षीही होती. ते सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचे आहेत. म्हणजे तेव्हा आपल्याकडेही शहामृग होते आणि असे मणी करणारी माणसेही होती.

सान लोकांच्या शेजारी बांटू भाषा बोलणारे लोक आहेत. 'बांटू' म्हणजे 'माणसे'. त्यांचे पूर्वज चार-पाच हजार वर्षांपूर्वी कॅमेरूनच्या बाजूने निघाले आणि शेती करीत हळूहळू दक्षिणेकडे पसरले. पुढे लोखंडाची विद्याही त्यांच्याबरोबर गेली. बैल हाकताना आपण जिभेने 'टक्' करतो ना? तसे आवाज सान लोकांच्या शब्दांत असतात. शेजारपणाने ते झुलू या बांटू भाषेतही आले. झुलू बाया काचेच्या रंगीत मण्यांचे दागिने करतात. त्यांच्या रंगांवरून निरोपसुद्धा कळतो! नामिबियातल्या हिंबा बाया लोण्यात लाल गेरू कालवून अंगाला लावतात. जुन्या काळी आपल्या देशातले काचेचे मणी जहाजातून आफ्रिकेत जात असत.

सान लोकांना 'रानटी' म्हणून फार छळले, त्यांच्या जमिनी घेतल्या. बोत्सवाना देशात तर त्यांना कलहारीतल्या अभयारण्यातून बाहेर काढले. ते कोर्टात गेले. २००६ साली तेथल्या उच्च न्यायालयाने त्यांना काढणे बेकायदेशीर ठरवले.

घरी पोत तुटली की आई एकेक मणी वेचायला लावते. पाटण्याच्या बाईनेही असेच वेचले असतील. म्हणून मित्रांनो, कोणाच्या दागिन्याला हसू नका. आजीला मात्र तिच्या गोंदणाची गोष्ट जरूर विचारा. मी विचारली.